पाचर

दादाच्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. राहून गेलं, असं निदान मुद्रितशोधक स्वतःशी म्हणत. पत्रात प्रश्न दोनच होते. ही गेल्यापासून घर खायला उठतं, तुमच्याकडे कायमचा राहायला आलो तर चालेल का? आणि खाली, समासात : बाबांचा वस्तरा आहे का रे अजून?

पहिल्या प्रश्नाने त्यांची झोप उडाली, म्हणून त्यांनी दुसऱ्याला हात घातला.

वस्तरा शिवणाच्या डब्यात निघाला. पात्यावर गंज, मूठ उभी तडकलेली. मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या. एका टोकाला पातं फिरतं, दुसऱ्या टोकाला पट्ट्यांच्या मध्ये एक बारीकशी पाचर असते. तिच्यामुळे फट राहते आणि मिटलेलं पातं त्या फटीत मावतं. हे त्यांनी वाचनालयातल्या पुस्तकात वाचलं. खिळा ठोकायचा झाला तरी ते आधी पुस्तक आणत.

मोडक्या खुर्चीच्या हातातून त्यांनी दोन पट्ट्या कापल्या, कानशीने घासल्या, तेल पाजून पाजून काळ्याभोर केल्या.

"एका पत्राला उत्तर द्यायला माणसाने सुतारकाम शिकावं?" बायको दारातून म्हणाली.

"दुरुस्त करून पाठवून देतो दादाला. खूश होईल."

"त्यांनी वस्तरा नाही मागितला. जागा मागितलीय."

"तुला माहीत नाही का तो कसा आहे? मी चहाचा कप उचलला की म्हणणार, तिकडे बस. तिकडे बसलो की म्हणणार, उजेड अडवू नकोस."

"माहीत आहे. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणा. पण अशी पाचर मारून बसू नका."

त्यांच्या चिमट्यात त्या वेळी खरोखरच जुनी पाचर होती. शिंगाची, बाबांनी स्वतः तासलेली. एका बाजूला जाड, दुसऱ्या बाजूला पातळ. बाबांचा हात चुकला असणार. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका सुधारलेल्या माणसाला ते बघवेना. त्यांनी नवी पाचर केली, दोन्हीकडे अगदी सारखी. पितळी तार ओवली, हलक्या हातोडीने तिची टोकं ठोकून बसवली. मूठ देखणी झाली. त्यांनी वस्तरा मिटला.

कर्र.

धार डाव्या पट्टीला घासली होती. कोऱ्या लाकडावर एक बारीक रेघ. त्यांनी पुन्हा मिटून पाहिला. रेघ त्याच जागी खोल झाली.

आपल्याला हे जमणार नव्हतंच, असं त्यांच्या मनात आलं, ते नेहमीच येई. पण त्याच्या मागोमाग आणखी एक आलं : डावीकडेच का?

त्यांनी पातं नाकासमोर धरलं, एक डोळा मिटला आणि खिडकीच्या उजेडात त्याच्या धारेवरून टोकापर्यंत पाहिलं. पातं सरळ नव्हतं. केसभर डावीकडे कललेलं होतं. भट्टीतून काढून पाणी दिलं तेव्हाच वाकलं असणार. बाबांच्या हाती आलं तेही असंच.

त्यांनी तारेचं टोक घासून काढलं, आपली पाचर बाजूला ठेवली आणि बाबांची बसवली. मूठ डोळ्याला कळेल न कळेल इतकी वाकडी झाली. पातं आत गेलं. आवाज नाही. दोन्हीकडे सारखी फट.

"बाबांची चूक नव्हती ती," ते म्हणाले.

"कुठली?"

"पाचरीची. पातंच वाकडं आहे. सरळ करायला गेलो तर मोडेल. म्हणून त्यांनी..."

वाक्य तसंच राहिलं. बायकोने वस्तरा हातात घेतला, उघडला, मिटला, पुन्हा उघडला.

"बरं बसतंय की," ती म्हणाली.

त्यांनी आपली नवी पाचर शिवणाच्या डब्यात टाकली.

"पुस्तकांच्या खोलीत खाट मावेल?" त्यांनी विचारलं.

"कपाट सरकवलं तर मावेल. पण चहाला तुम्ही कुठे बसणार?"

"ते तो सांगेलच."

उत्तर चार ओळींचं झालं. वस्तरा आहे, चांगला आहे, इथेच ठेवला आहे, आणि मग नुसतं 'ये'. त्या 'ये'पुढे पूर्णविराम द्यावा की उद्गारचिन्ह, यात दुपार गेली. शेवटी त्यांनी काहीच दिलं नाही.

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट सोडलं आणि पेटीला कान लावून उभे राहिले.

"काही अडकलं का, आजोबा?" मागे पत्र घेऊन उभ्या असलेल्या बाईने विचारलं.

"नाही," ते म्हणाले, पण कान तसाच ठेवून. "गेलं आत."