किडे नसलेलं पाणी

"अगं पोरी, शाळेच्या प्रदर्शनात किडे कशाला आणलेस? शी!"

प्रीतीने डोळे मिटले. सकाळपासून हेच चाललं होतं. जो यायचा तो पहिल्या टबात वाकायचा, नाक मुरडायचा आणि दुसऱ्या टबाला शाबासकी देऊन पुढे जायचा. आता तर खुद्द सरपंच प्रभावतीबाई!

तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "सरपंचबाई, हे वरच्या डोहाचं पाणी. हे तीन शेपट्यांचे बारके किडे चांगल्या पाण्यातच जगतात. अन् हे खालच्या बंधाऱ्याचं. तिथं समदे फवारणीचे पंप धुतात. ह्याच्यात किडा न्हाई. एक पण न्हाई!"

"तेच तर म्हणून राह्यले मी," प्रभावतीबाई खुशीत म्हणाल्या. "काचेसारखं पाणी हाय. उद्या नव्या नळयोजनेचं उद्घाटन झालं की समद्या गावाच्या नळाला हेच सोडायचं."

प्रीतीने कपाळावर हात मारून घेतला.

तेवढ्यात आरोग्य केंद्राचे तन्वीरभाई गप्पी माशांची बादली घेऊन आले. डासांच्या अळ्या खायला गावातल्या हौदांत मासे सोडायचे, हे त्यांचं काम. त्यांना टब दिसला, किडे दिसले. विचारायचं वगैरे काही नाहीच! मगभर मासे सरळ ओतले. आठवडाभर चिखलात उभं राहून पकडलेले किडे माशांनी वेचून वेचून गट्टम केले.

"भाई! अळ्या न्हाईत त्या! माझा प्रोजेक्ट होता!"

"किडा म्हणजे किडा, बेटा. काम बराबर झालं."

प्रीतीला आता रडायचाही कंटाळा आला होता. तिने दुसरा टब धाडकन त्यांच्यापुढे सरकवला. "मंग ह्याच्यात पण सोडा ना! काचेसारखं पाणी हाय. सरपंचबाईच सांगून राह्यल्यात."

तन्वीरभाईंनी सोडले.

मासे आधी तळाशी गेले. मग एकेक करून वर आले, तोंडं उघडी टाकून. एक गोल गोल फिरायला लागला. दुसरा आडवाच झाला.

"अरे अरे, जल्दी तो मग द्या कुणीतरी!" म्हणत तन्वीरभाई ओंजळीनेच मासे उपसायला लागले.

प्रभावतीबाई लगबगीने कोपऱ्यात गेल्या, फोन लावला आणि आवाज दाबून म्हणाल्या, "सूनबाई, लेकरांना पाणी देऊ नको. कालपासून आपल्या नळाला आलेलं समदं ओतून दे. आत्ताच्या आत्ता!"