रापणीचा वाटा

"जेणां दोरयेक हात लावल्यान, तेका वाटो. वाडवडलांपासून ह्याच चलता!" रापणीचं जाळं किनाऱ्याला लागताच आमच्या ह्यांनी जाहीर केलं.

हौस म्हणून जाळं ओढायला आलेले आमच्या होमस्टेचे पाहुणे टाळ्या पिटू लागले. सगळे बांगडे त्यांच्यातच वाटून संपले, आणि त्यांच्याच जेवणाचं सार माझ्या चुलीवर माशांची वाट बघत उकळत होतं.

"ओ, दुपारी तेंका काय वाढू? दोरी?"

"माका काय इचारतंस? मासे तेंचे."

वाळूत पाहुण्यांपैकीच पुण्याच्या शाकाहारी काकू नाकाला रुमाल बांधून बसल्या होत्या. सगळ्यांचे वाटे त्यांनी विकायला आपल्या पुढ्यात मांडून घेतले होते. मी इतकी वर्षं बाजारात मासे विकलेले, म्हणून ऐटीत निम्म्या भावाला मागितले.

काकूंनी दोन बोटांनी बांगड्याचा कल्ला उघडून दाखवला. "लालभडक आहे. परवडत नसेल तर पुढे व्हा, ताई."

जन्मभर मी गिऱ्हाइकांना हेच ऐकवलं होतं. पूर्ण पैसे मोजले.

काकूंनी नोट कपाळाला लावली. "भवानी झाली. उद्या रापण किती वाजता?"