गुप्त साक्षीदारांची यादी

अनाथाश्रमातल्या अत्याचारांबद्दल टॅमवर्थ शहरातल्या मर्लीनने पन्नास वर्षांनी तोंड उघडलं, तेही नाव गुप्त ठेवण्याची लेखी हमी घेऊन. आज चौकशी आयोगाच्या ईमेलसोबत सगळ्याच साक्षीदारांची यादी सगळ्यांना गेली. त्यात स्वतःचं नाव दिसताच तिने आयोगाला फोन लावला.

“चुकून गेली हो मॅडम. न वाचता डिलीट करून टाका ना,” तिकडची बाई काहीतरी चघळत म्हणाली.

“आणि बाकीच्या त्र्याण्णव जणांनी वाचलं त्याचं काय?”

“त्यांनाही हेच सांगतोय.”

मर्लीनला शिसारी आली. तिने फोन आपटला, तोच तो वाजला. तिच्याबरोबर त्याच आश्रमात वाढलेला धाकटा भाऊ रसेल बोलत होता.



“मर्लीन, तुझ्या खालचं नाव माझंच आहे गं.”