कोटाचं अस्तर

"भाऊसाहेब, तुमच्या कोटाचं अस्तर कुठलं हो?"

गोदाने विचारलं आणि चिऱ्याच्या गडग्यावर बसलेल्या पोरांपासून खुर्चीतल्या वकिलांपर्यंत सगळी सभा मान वळवून तिच्याकडे बघायला लागली. शेजारी बसलेल्या विमलाने तिला हळूच चिमटा काढला. पैज विमलानेच लावली होती, अख्ख्या फणसपोळीची! "तू कसली विचारतेस गो? उभी राहिलीस की त-त-प-प होईल तुझं," म्हणाली होती मेली. आता बस बघत!

उत्तर गोदाला आधीच ठाऊक होतं. कोट तिच्या आप्पांनीच शिवला होता. वरून जाडीभरडी खादी, आतून गुळगुळीत विलायती साटीन. आप्पा म्हणजे गंगाराम शिंपी, दोन दिवस कुरकुरत होते. "अस्तराला नुसता कच्चा टाका घाल म्हणे. टिकेल कसं ते? मोठ्यांच्या लहरी!"

मिठाच्या सत्याग्रहाचं साल होतं आणि हा मनुष्य तासभर विलायती कापडाच्या होळीवर बोलत होता. काय ती वाणी! घटकेत गर्जना, घटकेत गळा दाटलेला, रुमाल डोळ्यांना. गोदाला त्या रुमालाचीच किळस आली होती.

भाऊसाहेब थबकले. बटणं सोडून त्यांनी कोटाच्या आत पाहिलं. निळं अस्तर उन्हात चमकलं.

"विलायती!" त्यांचा आवाज कापरा झाला. "बाळ, या आंधळ्याला आज तू डोळे दिलेस."

आणि कोट काढून त्यांनी टर्रकन अस्तर ओढलं. एका हिसक्यात सबंध निघालं. ते समोर पेटवलेल्या आगीत पडलं मात्र, टाळ्यांचा कडकडाट झाला. लोक उठले. टोप्या, उपरणी, सदरे, जे हाताला लागेल ते होळीत पडायला लागलं.

गोदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्याला ढोंगी म्हटलं तो असा निघाला! तिने केसांतली रेशमी फीत सोडून आगीत फेकली.

शेजारची काशी धावत घरी गेली आणि नवऱ्याने मुंबईहून पाठवलेलं पातळ घेऊन आली. तिच्याकडे धड असं तेवढंच होतं. भावाच्या लग्नात नेसायला घडी घालून ठेवलेलं.

"टाकू ना गो?" तिने गोदाला विचारलं.

"टाक!" गोदा ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच विमला गंगारामच्या दुकानात हजर. एका हातात केळीच्या पानात गुंडाळलेली फणसपोळी, दुसऱ्या हातात तो खादीचा कोट. भाऊसाहेब तिच्याच घरी उतरले होते.

"घे बाई, जिंकलीस!" विमला खिदळली. "फणसपोळी भाऊसाहेबांनीच दिलीय. शिंप्याच्या पोरीशी पैज लाव म्हणून त्यांनीच तर सांगितलं होतं मला. आणि आप्पा, कोटाला पुन्हा तसलंच अस्तर हवंय. टाका कच्चाच. परवा राजापूरला सभा आहे."

ती गेली. दारावरून काशी पाण्याला गेली, अंगावर तेच ठिगळाचं लुगडं. गोदाकडे बघून हसली.

बटणं लावत बसलेली आई पुटपुटली, "हे हो काय?"

"आपल्याला काय करायचंय? गिऱ्हाईक आहे," म्हणत गंगाराम सुईत दोरा ओवायला लागले.

गोदाने फणसपोळी कोपऱ्यातल्या चिंध्यांत भिरकावली. आप्पांच्या हातातली सुई घेतली, दोरा दुहेरी केला आणि त्याला मेण लावलं.

"आई, आप्पा, आत्ताच सांगून ठेवते. भाऊसाहेबांचं अस्तर मी शिवणार. आणि टाका पक्का घालणार."