वीतभर उंच

वडिलांची जुनी स्टेशन वॅगन विकायला राघवचं मन होईना. शेवटी त्याने गॅरेजात तिची बॉडी चाकांपासून वर उचलून घेतली, खाली जाडजूड ऑफ-रोड टायर बसवले आणि गाडी चांगली वीतभर उंच झाली. "आता आत बसायला शिडीपण देणार का?" बायकोने, मयुराने विचारलं आणि ती आपली छोटी गाडीच चालवत राहिली.

त्या दिवशी गुडगावात दुपारभर पाऊस झाला. संध्याकाळी दोघं आपापल्या गाडीने एकामागे एक घरी निघाले. सहा वर्षांची सुखदा हट्टाने बाबाच्या उंच गाडीत, मागच्या सीटवर बसली. वाटेतला अंडरपास पाण्याने भरला होता. मयुराने अलीकडेच थांबून राघवला फोन लावला.

"यार, मी नाही येत यातून. वळू या."

"वळून जाणार कुठे? मागे सगळं जॅम आहे. थांब, मी पुढे जाऊन बघतो."

वॅगन पाणी कापत मधोमध पोचली.

"बघ, आत थेंबसुद्धा नाही आला. चल, ये माझ्यामागे. फक्त ॲक्सिलरेटर सोडू नकोस."

"नक्की ना?"

"बिल्कुल. घाबरट कुठली."

वॅगन पलीकडचा चढ चढून वर आली.

"आम्ही पोचलो," राघव फोनवर म्हणाला. "तू कुठे आहेस?"

सुखदा मागच्या काचेला नाक लावून बघत होती.



"बाबा, मम्माच्या गाडीची लाइट पाण्याच्या आतपण जळते?"