डावे-उजवे पेडणेकर

प्रोस्टेटच्या बायोप्सीचा रिपोर्ट धड हो म्हणत नव्हता, धड नाही म्हणत नव्हता. म्हणून डॉक्टरांनी भालचंद्र पेडणेकरांना दहा वर्षांनंतरच्या दोन पेडणेकरांसमोर बसवलं. दोघंही संगणकाने त्यांच्याच पेशींवरून घडवलेले. डाव्या पडद्यावरच्याने ऑपरेशन करून घेतलेलं, उजव्याने नुसती वाट पाहिलेली.

"उगाच कापून घेतलं," डावा कुरकुरला. "लघवी थांबता थांबत नाही. तू आपली वाट पाहा."

"वाट?" उजवा खेकसला. "दर तपासणीला जीव टांगणीला! कापून मोकळा हो."

भालचंद्र एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिले. दोघंही आपणच, मग विश्वास ठेवायचा कुणावर?

शेवटी शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, कालिंदीने, पडद्यांना विचारलं, "आणि मी कुठंय?"

दोन्ही म्हाताऱ्यांनी एकदमच मान वळवून आत हाक मारली, "अगं, चहा!"

"बघा! म्हणजे तुम्ही काहीही ठरवा, मी आपली ओट्याशीच," कालिंदी उसळली.

घरी येईपर्यंत भालचंद्रांचं काहीच ठरलं नाही. चपला काढून ते थेट ओट्याकडे गेले. चहाची पूड कुठल्या डब्यात असते, तेही त्यांना ठाऊक नव्हतं.