विहिरीशेजारची हरळी

"दादा, एवढी हरळी का ठेवलीस?" मी विचारलं. अण्णा गेल्यानंतर पहिल्यांदाच माहेरी आले होते. दादानं सगळ्या रानावर तणनाशक मारलं होतं, फक्त विहिरीशेजारी हातभर हिरवा तुकडा होता.

अण्णांचं हरळीशी हाडवैर. दिसली की मुळासकट खणून उन्हात टाकायचे. पण उन्हाळ्यात माझा घोळणा फुटला, की तीच हरळी दगडावर ठेचून धोतराच्या सोग्यातून नाकात पिळायचे. "मान वर कर, ठकू. रडायचं नाही."

"पन्नाशी उलटली माझी. लग्नानंतर एकदाही घोळणा फुटला नाही रे," मी हसत म्हटलं.

"मीही तेच सांगितलं त्यांना," दादा म्हणाला. "तर अंथरुणातून ओरडले, 'तेवढ्यावर औषध मारू नको. पोर उन्हातान्हाची येते.'"